रॉचेस्टरचा आवाज आणि उसने शब्द

रेडिओवर चेहरा दिसत नाही. त्यामुळे पात्राचा वर्ण वा धर्म श्रोत्याला कळावा म्हणून तेथे भाषेलाच वेश चढवला जातो. अमेरिकेत १९२८ साली सुरू झालेली 'अ‍ॅमॉस अँड अँडी' ही विनोदी मालिका याचे ठळक उदाहरण होय. तिच्यातील दोन कृष्णवर्णीय मित्रांचे आवाज काढत होते ते फ्रीमन गॉस्डेन आणि चार्ल्स कॉरेल हे दोन गोरे कलावंत. मोडके इंग्रजी कानावर पडले की श्रोत्यांनी समजावे, हा काळा माणूस आहे. १९३१ मध्ये 'पिट्सबर्ग कुरिअर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने मालिकेविरुद्ध सह्यांची मोहीम चालवली. मालिका तरीही चालूच राहिली.

अशा काळात एडी अँडरसन रेडिओवर आले. म्हणूनच त्यांच्या कामाचे मोल केवळ हशांच्या संख्येवरून ठरवता येणार नाही, असे आम्हाला वाटते.

त्यांचा जन्म १८ सप्टेंबर १९०५ रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे झाला. वडील रंगमंचावर विनोदी कामे करणारे, तर आई सर्कशीत तारेवर चालणारी. लहानपणी सॅन फ्रान्सिस्कोत ओरडून वर्तमानपत्रे विकताना आपला घसा कायमचा बसला, असे ते सांगत. तोच घोगरा आवाज पुढे त्यांची ओळख ठरला. २८ मार्च १९३७ रोजी जॅक बेनी यांच्या कार्यक्रमात त्यांना आगगाडीतील सेवकाची छोटीशी भूमिका मिळाली. ती श्रोत्यांना एवढी भावली की काही महिन्यांतच ते बेनींचा घरगडी 'रॉचेस्टर' म्हणून कार्यक्रमात कायमचे दाखल झाले.

बेनी यांनी स्वतःचे पात्र कंजूष, बढाईखोर आणि वर्षानुवर्षे एकोणचाळिशीतच अडकलेले असे रंगवले होते. रॉचेस्टर त्यांचा स्वयंपाक करी, जुनी मोटार हाकी, कपडे सांभाळी. साहजिकच मालकाचे सारे पितळ त्याला ठाऊक. मालकाने बढाई मारावी आणि रॉचेस्टरने एका साध्या वाक्यात त्याला जमिनीवर आणावे, ही या विनोदाची घडण. हसू येई ते मालकाचे. नोकर हसण्याचा विषय न राहता हसवणारा झाला, हे अँडरसन यांचे खरे यश.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सुरुवातीच्या संहितांमध्ये रॉचेस्टरच्या वाट्याला दारू, जुगाराचे फासे आणि वस्तरा हेच ठरीव विनोद येत. बेनी स्वतः स्थलांतरित ज्यू कुटुंबातले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी असे विनोद गाळण्याचे ठरवले. तरीही १९५० मध्ये १९४१ ची एक जुनी संहिता पुन्हा वापरली गेली आणि श्रोत्यांनी हरकत घेतली. शब्द जवळपास तेच होते, ऐकणारे कान मात्र बदलले होते. उलट १९४५ मध्ये मेम्फिस शहराच्या सेन्सॉरने 'ब्रूस्टर्स मिलियन्स' या चित्रपटावर बंदी घातली. कारण काय, तर त्यात अँडरसन यांचे पात्र गोऱ्यांशी फारच बरोबरीने वागते! एकीकडे स्वकीय म्हणत, तुम्ही वाकता. दुसरीकडे परके म्हणत, तुम्ही वाकत नाही. अल्पसंख्य कलावंताची ही कोंडी आमच्या वाचकांना वेगळी समजावून सांगायला नको.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. एका स्नेहसंमेलनात आमच्या मुलांनी मराठी नाटिका बसवली. त्यातील खानचाचाचे काम करणारा मुलगा एरवी स्वच्छ मराठी बोलतो. तालमीत मात्र तो एकाएकी "हम तुमको बोल्या ना" असे बोलू लागला. असे का, विचारले तर म्हणाला, "सर, मुसलमान असाच बोलतो ना नाटकात?" आम्ही निरुत्तर झालो. दुसऱ्यांनी शिवलेला वेश आमचे मूल स्वतःच्या हातांनी अंगावर चढवत होते.

त्या दिवसापासून आम्ही रॉचेस्टरकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो. अँडरसन यांनी आपला आवाज दुसऱ्याला काढू दिला नाही, हे मोठेच काम. पण त्या आवाजाला शब्द पुरवणारे लेखक गोरेच राहिले. बेनींचा रेडिओ कार्यक्रम १९५५ मध्ये थांबला, दूरचित्रवाणीवरचा १९६५ पर्यंत चालला. एवढ्या वर्षांत रॉचेस्टर मालकाहून शहाणा ठरला, लाडका ठरला, पण राहिला नोकरच. २८ फेब्रुवारी १९७७ रोजी अँडरसन यांचे निधन झाले. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. मिळालेल्या ओळींतून त्यांनी माणूस उभा केला. ओळी बदलणे त्यांच्या हाती नव्हते.

ते आमच्या हाती आहे. त्या नाटिकेतील खानचाचाचे संवाद आम्ही त्या मुलालाच पुन्हा लिहायला सांगितले. त्याने ते आपल्या घरच्या बोलीत लिहिले. लोक हसले, आणि या वेळी खानचाचाबरोबर हसले.