पाठमोऱ्या प्रार्थना

प्रवासाहून परतलेल्या स्नेह्याची छायाचित्रे पाहावीत, तर किल्ल्यापुढे, धबधब्यापुढे, देवळापुढे तोच गृहस्थ ताठ उभा! अशा चित्रांना कंटाळलेल्या रसिकाने आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराचे श्रीनगर येथील १९४८ सालचे चित्र अवश्य पाहावे. हरिपर्वताच्या उतारावर काही मुसलमान स्त्रिया पहाटेच्या प्रार्थनेला आल्या आहेत. एकीने हात पुढे पसरले आहेत. पलीकडे डोंगर आणि ढग. साऱ्याजणी पाठमोऱ्या!

चेहरे नाहीत, म्हणून चित्र उणे वाटेल? छे! त्यामुळेच तर आपण त्यांच्यामागे उभे राहून त्यांना दिसते ते पाहू लागतो. प्रार्थनेत मग्न स्त्रियांना असे टिपावे का, हा प्रश्न उरतोच. पण चेहरे न दाखवून त्याने त्यांचा आब राखला, असे मला वाटते. ब्रेसाँचा लायका कॅमेरा लहानसाच. तोही कुणाच्या डोळ्यांत भरू नये म्हणून त्याच्या चकाकत्या भागांवर तो काळी पट्टी चिकटवी.

आज त्याहूनही लहान कॅमेरा आपल्या खिशातल्या फोनात आहे. या दिवाळीत पणती लावणाऱ्या आजीला ‘आजी, इकडे बघ’ म्हणू नका. तिला ज्योतीकडेच पाहू द्या.