'नळी तुंबली' : हृदयरोगविषयक मराठी लेखनातील एका रूपकाची चिकित्सा

प्रास्ताविक

मराठी वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्या, दिवाळी अंक आणि व्याख्यानमाला यांतून हृदयरोगाचा परिचय बहुधा एकाच प्रतिमेने करून दिला जातो. हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी म्हणजे नळी, कोलेस्टेरॉल म्हणजे तिच्यात साचणारा कचरा आणि झटका म्हणजे नळी तुंबणे. ही प्रतिमा सुबोध आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर परिसरातील नळाच्या पाण्याचा दाब रोज अनुभवणाऱ्या वाचकाला ती सहज पटते. परंतु रुग्ण आपल्या उपचाराचा निर्णय याच प्रतिमेच्या आधारे घेत असल्याने तिची चिकित्सा आवश्यक ठरते. रक्तप्रवाहाच्या अभ्यासातून पुढे आलेल्या निष्कर्षांच्या प्रकाशात या रूपकाची मर्यादा दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

स्थानाचा प्रश्न

रक्त सर्व शरीरात एकच फिरते व त्यातील कोलेस्टेरॉलही एकच असते. मग विकार ठरावीक जागीच का होतो? मानेतील रोहिणी जेथे दुभंगते तेथे, हृद्‌रोहिणींच्या फाट्यांपाशी, उदरातील महारोहिणीच्या खालच्या भागात तो वारंवार आढळतो. सरळ भाग तुलनेने निरोगी राहतात. कचऱ्याच्या रूपकात या प्रश्नाला उत्तर नाही.

उत्तर प्रवाहात आहे. वाहते रक्त वाहिनीच्या आतल्या अस्तरावर जो घासता ताण देते (कर्तन-ताण), तो सर्वत्र सारखा नसतो. १९६८ मध्ये फ्राय यांनी अतितीव्र ताणाने अस्तराला इजा होते असे दाखविले. त्यामुळे जोरदार प्रवाहाच्या जागीच विकार जडत असावा, असे मानण्यास आधार मिळाला. १९६९ मध्ये कॅरो व सहकाऱ्यांनी नेमके उलट मत मांडले : विकार मंद ताणाच्या जागी होतो. १९८५ मध्ये कू, गिडेन्स, झारिन्स व ग्लागोव्ह यांनी मानेतील दुभाजनाच्या अभ्यासातून मंद आणि मागेपुढे हेलकावणाऱ्या ताणाशी विकाराचा संबंध दाखविला. १९९९ मधील एका आढाव्यात प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे १५ डाइनपेक्षा अधिक ताण संरक्षक, तर ४ डाइनपेक्षा कमी ताण विकारास पोषक मानला गेला.

या वस्तुस्थितीस नळीपेक्षा नदीची उपमा जवळची आहे. उल्हास नदीच्या वळणावर आतल्या काठाशी पाणी संथ होते आणि वाळू तेथेच धरते. मात्र ही उपमाही एका मर्यादेपर्यंतच चालते. कारण नदीचा काठ निर्जीव आहे, रोहिणीची भिंत सजीव आहे.

भिंतीचा प्रश्न

अस्तरातील पेशी प्रवाहाचा ताण ओळखतात. तो पुरेसा व एकदिश असेल तर त्या नायट्रिक ऑक्साइड निर्माण करतात. त्यामुळे वाहिनी सैलावते आणि दाह आवरला जातो. या वायूच्या कार्याच्या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नॅरो व म्युराड यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ताण मंदावला की हे संरक्षण दुर्बळ होते, मेदकण अस्तराखाली शिरून अडकतात आणि त्यांना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी तेथे जमतात. म्हणजेच साठा पोकळीत नसून भिंतीत असतो. मराठी वैद्यकीय परिभाषेतील 'रोहिणीविलेपी विकार' ही संज्ञाही येथे अपुरी पडते; 'विलेप' म्हणजे वरून दिलेला थर, हा विकार तर अस्तराच्या आड वाढतो.

ग्लागोव्ह यांनी १९८७ मध्ये दाखविलेली बाब आणखी महत्त्वाची आहे. साठा वाढू लागला की वाहिनी बाहेरच्या बाजूने रुंदावते. साठ्याने सुमारे ४० टक्के क्षेत्र व्यापेपर्यंत पोकळी बहुधा अबाधित राहते. अँजिओग्राफीत पोकळी दिसते, भिंत दिसत नाही. अनेक झटके फारशा अरुंद न झालेल्या जागीच साठा फाटून व त्यावर गुठळी होऊन येतात. 'नळी मोकळी आहे' या वाक्यातील दिलासा म्हणूनच अपुरा आहे.

रूपकाचे परिणाम

तुंबलेली नळी साफ करता येते, हा या रूपकाचा पुढचा तर्क. लसूण-आल्याच्या रसाने 'ब्लॉकेज विरघळविण्याचे' दावे याच तर्कावर उभे आहेत. दुसऱ्या टोकाला, स्थिर विकारातही प्रत्येक अडथळा तातडीने उघडलाच पाहिजे ही समजूत आहे. करेज (२००७) व इस्केमिया (२०२०) या चाचण्यांत स्थिर विकाराच्या रुग्णांना औषधोपचारासोबत अशी प्रक्रिया प्रारंभीच केल्याने मृत्यू वा झटका यांत लक्षणीय घट आढळली नाही. छातीतील वेदना मात्र कमी झाल्या. प्रत्यक्ष झटक्यात वाहिनी त्वरित उघडणे जीवदायी असते, हा भेद 'तुंबणे' या एकाच शब्दात लोपतो.

तथापि प्रवाहाला सर्व श्रेय देणे हीदेखील एकांगी भूमिका ठरेल. वळणे व फाटे प्रत्येकाच्या शरीरात असतात, विकार प्रत्येकाला होत नाही. प्रवाह जागा ठरवितो. विकार जडेल की नाही, हे तंबाखू, मधुमेह, रक्तदाब आणि रक्तातील मेद ठरवितात. इंटरहार्ट अभ्यासाने (२००४) अशा नऊ घटकांकडे झटक्यांचा बहुतांश धोका जात असल्याचे नोंदविले. डॉ. अभय बंग यांच्या 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकाने ही चर्चा आहार, ताण व जीवनदृष्टीपर्यंत नेली, हे त्याचे मोठे योगदान होय. प्रवाहविज्ञान त्या चर्चेला भौतिक आधार देते : व्यायामात रक्ताचा वेग वाढतो, अस्तरावरील ताण वाढतो आणि भिंतीचे स्वसंरक्षण जागे होते.

समारोप

'नळी तुंबली' हे रूपक स्थान, भिंत आणि काल या तिन्ही कसोट्यांवर अपुरे ठरते. ते रोगाला अखेरच्या क्षणाची दुर्घटना बनविते. वास्तविक तो अनेक वर्षे भिंतीत वाढणारा आजार आहे. विज्ञान सोपे करणाऱ्या लेखकाने 'नळीतील कचरा' या शब्दांऐवजी 'भिंतीचा आजार' हे शब्द वापरले, तर सुबोधता उणावणार नाही आणि वाचकाला सफाईपेक्षा जपणूक महत्त्वाची वाटू लागेल.