चरणजित सिंगांची आठवण कोणी काढायची?

माणूस गेला की त्याच्या नावापुढे एक बिरुद लागतं, आणि मग ते काही केल्या निघत नाही. चरणजित सिंग 2015च्या जुलै महिन्यात मुंबईत वारले. परदेशातल्या त्यांच्या चाहत्यांनी त्यांची आठवण काढली तीही अशाच एका बिरुदानं: ‘अ‍ॅसिड हाउसचे जनक’. आपल्यापैकी बहुतेकींना ना हा माणूस माहीत, ना अ‍ॅसिड हाउस. मलाही दोन्ही माहीत नव्हतं. पण एखाद्याला कोण आठवतं आणि कशासाठी आठवतं, हा प्रश्न काही आपल्याला परका नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आधी माणूस सांगते. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमातले साजिंदे. बेस गिटार वाजवायचे, ट्रान्झिकॉर्ड नावाचं पेटीच्या भावकीतलं विजेचं वाद्य वाजवायचे. मोठमोठ्या संगीतकारांच्या गाण्यांत त्यांचा हात आहे, पण रेकॉर्डच्या वेष्टनावर नाव कुणाचं? संगीतकाराचं, गीतकाराचं, गाणाऱ्याचं. साजिंद्याचं नाव छापायची तेव्हा पद्धतच नव्हती. सिनेमाच्या चाली वाद्यांवर वाजवलेल्या त्यांच्या स्वतःच्या काही रेकॉर्डी निघाल्या, त्यांवर मात्र त्यांचं नाव होतं.

ऐंशीच्या आसपास जपानच्या रोलँड कंपनीनं तीन यंत्रं बाजारात आणली. टीआर-808 हे तालाचं यंत्र. ज्युपिटर-8 हा मोठा सिंथेसायझर. आणि टीबी-303 ही बेस गिटारच्या जागी वाजावी म्हणून केलेली लहानशी पेटी: तिच्यात सूर आधी भरून ठेवायचे, मग ती ते पुन्हा पुन्हा वाजवत बसते. म्हणजे बघा, जो माणूस बेस गिटारवर पोट भरत होता, त्याच्या पोटावर पाय देणारंच हे यंत्र. सिंगांनी या यंत्रांची धास्ती घेतली नाही. सिंगापूरहून ती आणली, घरी बसून एकमेकांना जोडली, आणि त्यांच्यावर राग वाजवून पाहिले. तो काळ डिस्कोचा. ‘कुर्बानी’ 1980 साली येऊन गेला होता आणि प्रत्येक निर्मात्याला डिस्को हवा होता. सिंगांनी विचार केला की डिस्कोचाच ठोका घेऊ, पण त्यावर वेगळं काही करू.

त्यातून 1982 साली एक रेकॉर्ड तयार झाली. नाव ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग, प्रत्येक साधारण पाच मिनिटांचा. एचएमव्हीनं ती काढली. चालली नाही. राग ऐकणाऱ्यांना तो खेळ वाटला असणार आणि नाचणाऱ्यांना त्यात गाणं सापडलं नसणार. सिंग पुन्हा आपल्या कामाला लागले.

पुढची गोष्ट शिकागोची. 303 ही पेटी बाजारात पडली. गिटारसारखी ती मुळीच वाजत नव्हती, म्हणून दोन-तीन वर्षांत कंपनीनं ती बंदही केली. जुन्या बाजारात ती स्वस्त मिळू लागली, तेव्हा शिकागोच्या काही तरुणांनी एक घेतली आणि तिच्या कळा भलत्याच फिरवून पाहिल्या. त्यातून एक वळवळणारा, चरचरणारा खर्जातला आवाज निघाला. ‘फ्यूचर’ या त्यांच्या गटाची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही रेकॉर्ड 1987 साली आली, आणि त्या तऱ्हेच्या नाचाच्या संगीताला अ‍ॅसिड हाउस हे नाव पडलं. या तरुणांनी सिंगांचं नाव ऐकलेलं नव्हतं. सिंगांनाही त्यांचा पत्ता नव्हता.

मग 2002 साली एडो बौमन नावाच्या डच माणसाला दिल्लीच्या एका दुकानात ही जुनी रेकॉर्ड मिळाली. त्यानं ती ऐकली आणि चक्रावला: शिकागोच्या पाच वर्षं आधी, मुंबईत, हाच आवाज! त्यानं सिंगांना शोधून काढलं आणि 2010 साली रेकॉर्ड पुन्हा प्रसिद्ध केली. काहींना तर ती बनवाबनवी वाटली, कुणीतरी आजच्या माणसानं जुनं नाव लावून केलेली. त्यानंतर सत्तरी ओलांडलेले सिंग युरोपात गेले, त्याच यंत्रांवर तेच राग वाजवले, आणि त्यांच्या नातवंडांच्या वयाची पोरं पुढे उभी राहून नाचली. साजिंदा पहिल्यांदा रंगमंचाच्या मध्यभागी आला.

या चाहत्यांचे उपकार मी आधीच मान्य करते. ते नसते तर सिंग नाव नसलेलेच गेले असते. पण त्यांची आठवण वाचताना मला खटकत राहतं ते हे, की ती सगळी ‘पहिला’ या शब्दाभोवती फिरते. शिकागोच्या आधी पाच वर्षं. कुणाच्या तरी आधी. शिकागो झालंच नसतं तर या रेकॉर्डला काही किंमत उरली नसती का? सिंगांनी रेकॉर्डच्या नावात डिस्को हा शब्द घातला, त्याच्या आधी ‘दहा राग’ घातले. चाहत्यांच्या बोलण्यात ठोका असतो, 303 असतो, सालं असतात. राग मात्र बहुतेक वेळा नुसतं नाव म्हणून येतो, दुकानाच्या पाटीसारखा.

मग रागाच्या बाजूनं ती ऐकायची कुणी? अर्थात आपण. कुमार गंधर्वांचं सुळेभावी बेळगावच्या शेजारचं, रागाबद्दल बोलायला आम्ही इकडची माणसं कधी मागे नसतो. म्हणून मी ती दुपारी घरात लावली. पाचच मिनिटांत मोठ्या जाऊबाई आतून बाहेर आल्या. “अगं, ह्ये काय लावलंयस? मिक्सर चालू झाल्यागत वाजायलंय!” मी म्हटलं, “आक्का, भैरव आहे.” त्यांनी जरा कान दिला आणि म्हणाल्या, “भैरव व्हय? मग पळतोय कशाला?”

टीका म्हणून याहून नेमकं मला सुचलेलं नाही. राग पळतो. आलाप नाही, विलंबित नाही, थेट द्रुत. त्यात पुन्हा डिस्कोचा ठोका प्रत्येक मात्रेवर सारखाच पडतो. आपल्या तीनतालात नवव्या मात्रेवर खाली येते, तिथं वजन हलकं होतं, आणि म्हणून पुढची सम आल्यासारखी वाटते. इथं खालीच नाही, मग सम कुठून येणार? भैरवातला कोमल रिषभ आंदोलित हवा, पण पट्टीवरचे बारा सूर कंपनीनं आखून दिलेले, त्यामुळे तो आणून ठेवल्यासारखा लागतो. तोडीच्या गंधाराचंही तेच. मालकंसाचं तर मला वाईट वाटलं. मध्यरात्रीचा गंभीर माणूस, त्याला कुणी वरातीत ओढल्यासारखं झालं आहे. आणि रागांचा क्रम पाहिला तर ललतानंतर भूपाळी: पहाटेनंतर थेट दिवेलागण.

एवढं म्हणून मी ती बंद करणार होते. पण पुन्हा ऐकली, आणि दुसऱ्या खेपेला माझं मत हललं.

303च्या पेटीत एक सोय आहे: एका सुरावरून दुसऱ्यावर उडी न मारता घसरत जाण्याची. साध्या कीबोर्डावर, आपल्या पेटीवरही, हे जमत नाही, आणि पेटीविरुद्धची गवयांची जुनी तक्रार तीच आहे. सिंगांनी या यंत्रातून नेमकी ती घसरण उचलली. ती मींड नव्हे, पण मींडेची आठवण आहे. ललतात पंचम नाही आणि दोन मध्यम लागोपाठ येतात, तिथं यंत्राचा हा वळवळता आवाज एकदम जागचा वाटतो. कलावतीचे पाच सूर तर त्या फिरत्या आवर्तनात असे बसले आहेत, की हा राग कुणी यंत्रासाठीच राखून ठेवला होता की काय असं वाटावं. खालचा खर्ज एकसारखा फिरत राहतो आणि वर सुरावट मोकळी सुटते. असं ऐकलं की तो खर्ज ठोक्यापेक्षा तंबोऱ्याच्या जवळचा वाटू लागतो. यंत्रावर राग वाजवताना काय हरवतं, हे या माणसाला नक्की कळत होतं. जे वाचवता येईल ते त्यानं वाचवलं. दहापैकी चार-पाच रागांत वाचलं, बाकीच्यांत नाही. माझा हिशेब असा आहे.

आणि यंत्राबद्दल नाक मुरडायचं तर आपण कुठल्या तोंडानं? 1940 साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली, विलायती वाद्य म्हणून. ती तीसेक वर्षं टिकली. आज तीच पेटी आपल्याला इतकी आपली वाटते, की तिच्या जागी कीबोर्ड आला याची आपण हळहळ करतो. पण करतो तरी कुठे? आपल्या विधानाचा मंडप आठवा. इंद्र-इंद्राणी मुकुट घालून उभे आहेत, कीबोर्डवाला कळ दाबतो, डिस्कोसारखाच ठोका सुरू होतो, आणि त्याच्यावर पूजेचा अर्घ्य म्हटला जातो. चाल एखाद्या रागातली नाहीतर सिनेमातली असते. आपण सगळ्याजणी नाचतो, मीही नाचले आहे. म्हणजे रागावर डिस्कोचा ठोका आपल्याला चालतो, फक्त त्याच्याकडे संगीत म्हणून कान द्यायचा नसतो. पत्रिकेत आचार्यांचं नाव, सौधर्म इंद्राचं नाव, संगीतकाराचं नाव. तो ठोका लावणाऱ्या मुलाचं नाव मला आजवर माहीत नाही. मी कधी विचारलंही नाही. चरणजित सिंग असेच एक होते.

एखाद्या वस्तूकडे पाहण्याची एक बाजू, तिला आपल्या शास्त्रात नय म्हणतात. बाजू म्हणून ती खरीच असते. पण ‘हीच, दुसरी नाही’ असं म्हटलं की नयाचा दुर्नय होतो. ‘स्यात्’ या शब्दाचा अर्थ आपण पुष्कळदा ‘कदाचित’ असा करतो. तो तसा नाही, ‘या एका अपेक्षेनं’ असा आहे. त्यात शंका नाही, मर्यादा आहे. अ‍ॅसिड हाउसच्या अपेक्षेनं सिंग पहिले, हे खरं. सिनेमाच्या अपेक्षेनं ते एक साजिंदे, हेही खरं. रागाच्या अपेक्षेनं ते अर्धे जमलेले आणि अर्धे फसलेले, आणि त्यांचा प्रयत्न विचार करून केलेला, हेही तितकंच खरं. परदेशातल्या चाहत्यांनी आपला नय प्रामाणिकपणे मांडला. त्यांना कलावतीत काय घडतं ते कळलं नाही, याचा दोष मी त्यांना देत नाही. ज्यांना ते कळलं असतं त्यांनी रेकॉर्ड विकतच घेतली नाही. ती धूळ खात पडली, आणि धूळ पुसणारा माणूस हॉलंडहून आला.

तर हे ‘जनक’ नावाचं बिरुद मला काढून टाकायचं नाही. त्याच्या शेजारी आपल्या बाजूची आठवण ठेवायची आहे, आणि त्या आठवणीत नुसतं कौतुक नको. मालकंस फसला आहे हे म्हणण्याइतकं जर आपण त्यांना मोठं मानलं, तर कलावती जमला आहे या म्हणण्याला वजन येईल. नुसतं ‘पहिला’ म्हणण्यात ऐकायची गरजच पडत नाही, साल पाहिलं की पुरतं.

तुम्ही ऐकाल तेव्हा भैरवापासून सुरुवात करू नका, आक्कांसारखं होईल. आधी कलावती, मग ललत. बैरागी सर्वांत शेवटी, तो त्यांनीही शेवटीच ठेवला आहे. परवा मी तो लावला तेव्हा जाऊबाई भाजी निवडत बसल्या होत्या. काही बोलल्या नाहीत. संपल्यावर मात्र एवढंच विचारलं, “ह्येचं नाव काय म्हणालीस?” मी सांगितलं, बैरागी. त्या म्हणाल्या, “रागाचं नव्हं गं. वाजवणाऱ्याचं.”