चौकटीबाहेरचे रान

मागच्या पावसाळ्यानंतर आमच्या उपनगरातील एका सभागृहात निसर्गछायाचित्रांचे प्रदर्शन भरले होते. विषय होता 'सर्जनशील निसर्ग'. आरे, कान्हेरी, गोराई, भांडुपचे खाजण अशा भागांत वर्षभर रविवारी पहाटे पायी हिंडून काढलेली ही छायाचित्रे होती. त्यांत माझेही एक होते. तेव्हा पुढे जे लिहिणार आहे ती लांब उभे राहून केलेली टीका नव्हे. त्या पंगतीत मीही होतो, आणि पंगतीत बसवून घेतल्याचा आनंदही मला झाला होता, हे आधीच कबूल केलेले बरे.

छायाचित्रे वाईट नव्हती. दवाने भरलेले कोळ्याचे जाळे आणि त्यामागे सारे रान विरघळून झालेला नुसता हिरवा धूर. गवताचे एकच पाते आणि बाकी सगळी चौकट रिकामी. कॅमेरा मुद्दाम खालून वर हलवून झाडांच्या खोडांच्या केलेल्या लांब रेघा. ही माणसे बँकेत, दवाखान्यात, कचेरीत नोकरी करणारी. सुटीच्या दिवशी चार वाजता उठतात, चिखलात गुडघे टेकून बसतात, एका फुलासाठी तासभर वाट पाहतात. त्यांच्या मेहनतीची थट्टा मी करणार नाही. परंतु दोनदा सगळे प्रदर्शन फिरल्यावर माझ्या ध्यानात आले की एवढ्या भिंतींवर ओळखता येईल असे एकही माणूस नाही. आणि यांतली निम्मी चित्रे आरेची होती! आरेत वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे आहेत. १९४९ साली तिथे दूध वसाहत झाली, १९७७ मध्ये शेजारी चित्रनगरी आली. त्या दोन्हींच्या आधीपासून ही माणसे तिथे भात लावत आली आहेत. मग वर्षभर हिंडणाऱ्या पंधरा-वीस कॅमेऱ्यांना ती दिसली कशी नाहीत?

दिसली होती. मुद्दाम वगळली होती. या छंदातला पहिला धडाच तो आहे. पहिल्याच भ्रमंतीत आम्हाला सांगण्यात आले की चांगले छायाचित्र हे बेरजेने होत नाही, वजाबाकीने होते. चौकटीत जो पसारा असेल तो बाहेर काढा. दोन पावले डावीकडे सरका, खाली बसा, लांब पल्ल्याची लेन्स लावा, मागचे सगळे धूसर करा. पसारा म्हणजे काय, याची यादीही मिळाली: विजेची तार, प्लास्टिक, पत्र्याचे छप्पर, दोरीवरचे कपडे, हंडा, माणूस.

हा 'बाहेर' शब्द आपल्या वाचकांना नवा नाही. गावकूस हीसुद्धा एक चौकटच होती. ज्याने ती आखली त्याने देऊळ, चावडी, पाणवठा, पाटलाचा वाडा नेटका मांडून घेतला आणि जे डोळ्यांना नको होते ते वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवून दिले. गाव सुंदर दिसत होते ते या वजाबाकीमुळे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या गोडव्यांवर जो प्रहार केला, तो खेडे त्यांनी चौकटीच्या बाहेरून पाहिले होते म्हणूनच.

आता माझ्या चित्राविषयी. जुलैत आरेतल्या एका पाड्याच्या वाटेवर मी एक छायाचित्र घेतले. खालच्या नळावरून एक म्हातारी हंडा घेऊन चढण चढत आहे, अंगावर लाल लुगडे, बाजूने काळा प्लास्टिकचा पाइप गेला आहे, मागे सिमेंटचा खांब आणि पावसाने तट्ट फुगलेले रान. सगळे स्वच्छ, स्पष्ट. महिन्याच्या बैठकीत परीक्षकांनी ते बाजूला काढले. हिरवा छान आला आहे, म्हणाले, पण पसारा फार. हंडा आणि पाइप नसता तर विचार केला असता. मी काही बोललो नाही. ऑगस्टमध्ये पुन्हा त्याच वाटेवर गेलो. ढगाळ उजेड होता. लेन्सचे छिद्र अगदी बारीक केले, शटर पाव सेकंद उघडे ठेवले, आणि तीच म्हातारी चढण चढताना तिच्याबरोबर कॅमेरा फिरवला. खांब, पाइप, पायवाट, सगळे हिरव्या-काळ्या पट्ट्यांत मिसळून गेले. मधोमध एक लाल ओघळ उरला. हे चित्र एकमताने निवडले गेले आणि त्याला 'वर्षागान' असे नावही देण्यात आले. तीच बाई, तीच वाट, तोच हंडा. जोवर ती दिसत होती तोवर ती पसारा होती. पुसली गेली तेव्हा तिला भिंतीवर जागा मिळाली.

मला हा काही माझ्या एकट्याचा अपमान वाटत नाही. या कलेच्या इतिहासातच ही खोड आहे. अमेरिकेतील योसेमिटी दरीत १८५१ साली शस्त्रधारी तुकडी शिरली आणि तिथल्या मूळ रहिवाशांना हुसकून लावू लागली. त्यानंतर दहाच वर्षांनी, १८६१ मध्ये, कार्लटन वॉटकिन्सने त्या दरीची भव्य छायाचित्रे घेतली. पुढे अन्सेल अ‍ॅडम्सने त्या कड्यांना जगभर पोहोचविले. जगातील निसर्गछायाचित्रणाने ज्याला आदर्श मानले ते अस्पर्श रान असे रिकामे करवून घेतलेले रान होते. तिथल्या शेवटच्या आदिवासी वस्तीची घरे १९६९ मध्ये पाडण्यात आली. आपल्या बोरीवलीच्या उद्यानाबाबतही हेच लक्षात घ्यावे लागेल. एका पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर मे १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला आणि हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. १९९५ पूर्वीच्या मतदारयादीत नाव असेल तर पर्यायी घर, नसेल तर काही नाही. जंगल वाचले पाहिजे हे मलाही मान्य आहे. पण जे जंगल लोकांनी मनाने आधीच निर्मनुष्य करून ठेवलेले असते, तिथून माणसे उठविताना कोणाला फारसे खुपत नाही, आणि मन घडविण्याचे हे काम दिनदर्शिकेवरची छायाचित्रे करीत असतात.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांवर झाडे तोडण्यास सुरुवात झाली, तेव्हा पांढरपेशा घरांतील मुले आणि पाड्यांतील आदिवासी एकत्र उभे राहिले होते. त्या मुलांपैकी काहींच्या गळ्यात कॅमेरे होते.

आता आपल्याकडच्या मित्रांविषयी. माझे चित्र लागल्याचे कळल्यावर चळवळीतील एका जुन्या कार्यकर्त्याने विचारले, "सर, पोट भरल्यावर सुचतात ती ही कामं. आपल्या माणसानं फुलंपाखरं कधीपासून धरली?" हा आक्षेप मी नेहमी ऐकतो आणि त्यामागचा राग मला समजतो. मी घाटकोपरला रात्रशाळेत शिकवितो. ११ जुलै १९९७ ला रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मारली गेली. त्या दिवसांत आमच्या भागात जेवढे कॅमेरे आले तेवढे त्याआधी कधी पाहिले नव्हते. आपण मेलो की आपले छायाचित्र निघते, असा धडा आमच्या पोरांनी घेतला असेल तर त्यांचा दोष नाही. म्हणून सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची जी छायाचित्रे काढली त्यांचे मोल मोठे आहे. शहराने ज्यांना नजरेआड केले त्यांना त्यांनी नजरेसमोर आणले.

तरीही मित्रांना मी एक विचारतो. दुःख, गटार, प्रेत यांची छायाचित्रे आपण काढावीत आणि दव, पाणी, ढग दुसऱ्यांनी, ही विषयांची वाटणी कोणी ठरविली? ही चातुर्वर्ण्याचीच एक तऱ्हा नव्हे काय? ज्या पँथरांपासून आपल्या पँथरने १९७२ मध्ये नाव घेतले, त्या अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याचे छायाचित्रकार गॉर्डन पार्क्स यांनी १९४२ मध्ये वॉशिंग्टनच्या सरकारी कचेरीत झाडलोट करणाऱ्या एला वॉटसनला झाडू घेऊन राष्ट्रध्वजापुढे उभे केले. त्याच पार्क्सनी म्हातारपणी, १९९४ मध्ये, फुले, शिंपले आणि रंग यांच्या स्वप्नवत चित्रांचे पुस्तक काढले. त्यात मला पळ दिसत नाही. झाडूवाल्या बाईचे चित्र काढणाऱ्याला फूलही पाहता येते आणि तो त्याचा हक्क आहे.

शिवाय रान आपल्याला परके कधी होते? माझे वडील बहात्तरच्या दुष्काळात जालन्याकडून आले. 'निसर्ग' हा शब्द त्यांच्या तोंडी मी ऐकला नाही. ते शिवार म्हणत, वगळ म्हणत, गायरान म्हणत. कोणत्या बांधाला घोळीची भाजी येते हे त्यांना पाठ होते, आणि कोणत्या बांधावरून चालायचे नाही हेही. १९५९ आणि १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले ते याच पडीक, गायरान जमिनींसाठी. आपला निसर्गाशी असा संबंध आहे: तो आपल्याला ओळखीचा आहे, पण आपल्या नावावर नाही. साहित्यातील सौंदर्यविचाराची आपण पुष्कळ उलटतपासणी केली. शरणकुमार लिंबाळे यांनी १९९६ मध्ये त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. छायाचित्राबद्दल मात्र आपण त्या मानाने फार कमी बोललो.

तंत्राविषयीही थोडे. तंत्र निष्पाप असते असे मला वाटत असे. कान्हेरीला ते मत बदलले. तिथला दगड काळा, बेसाल्टचा. पावसात भिजला की गुळगुळीत, खोल काळा दिसतो. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक सांगेल तसे छायाचित्र घेतले तर तो राखेसारखा येतो. कारण प्रकाशमापक असे गृहीत धरून चालतो की समोरची वस्तू सरासरी अठरा टक्के उजेड परतविणारी, मध्यम करडी आहे. काळ्याला तो उजळ करतो आणि पांढऱ्या बगळ्याला मळवतो. सगळ्यांना मध्यमवर्गात आणून बसविण्याचा हा उद्योग आहे म्हणा ना! काळ्याला काळे ठेवायचे तर यंत्राचे न ऐकता आपल्या हाताने उजेड कमी करावा लागतो. मी ते केले, तेव्हा कुठे त्या भिंतीवर छिन्नीचे घाव दिसू लागले. पावसाळ्यात तिथल्या ओढ्यावर ओळीने तिपाया लागतात, शटर दोन-तीन सेकंद उघडे ठेवून पाण्याचे रेशीम केले जाते. मीही केले आहे, छान दिसते. पण त्याच डोंगरात लेण्यालेण्याशेजारी पाण्याच्या पोढी खोदलेल्या आहेत. पोढी दान दिल्याचे ब्राह्मी लेख आहेत आणि लेण्यांच्या दात्यांत कल्याण-सोपाऱ्याकडचे व्यापारी, कारागीर आहेत. भिक्खूंसाठी साठवलेले ते पाणी कोणाच्या स्पर्शाने बाटत नव्हते. चवदार तळ्यावर १९२७ मध्ये गेलेल्यांच्या नातवाला रेशमापेक्षा ही स्थिर, हिरवट, पालापाचोळा पडलेली पोढी पाहावीशी वाटली तर त्यात नवल नाही. तिचे चित्र मात्र अवघड आहे. मला अजून साधलेले नाही.

भांडुपचे उदंचन केंद्र हे आणखी एक स्थळ. हिवाळ्यात तिथे पहाटे पक्ष्यांच्या छायाचित्रकारांच्या गाड्या लागतात. खाजण, कांदळवन, दलदलीतले पक्षी आणि पलीकडे खाडीत रोहित. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाला. उपनगरांच्या मैल्यातील पोषकद्रव्यांवर शेवाळ वाढते आणि त्यावर रोहित पोसतात, असे अभ्यासक सांगतात. म्हणजे त्या गुलाबी रंगाच्या मागे आपल्या सर्वांचे संडास आहेत आणि तो मैला वाहता ठेवणारे कामगार आहेत. ज्या केंद्राच्या नावाने ती जागा ओळखली जाते ते केंद्र मी एकाही चित्रात पाहिले नाही. मे २०२४ मध्ये विमानाची धडक बसून तीसहून अधिक रोहित मेले आणि घाटकोपरला घरांच्या आसपास पडले. आमच्या वर्गातील मुलांनी त्या वेळी पहिल्यांदा जवळून रोहित पाहिला.

मग धूसर करणे, हलविणे, रिकामी जागा सोडणे हे सारे टाकून द्यावे काय? मी टाकलेले नाही. विस्मरण, भीती, घाई यांचे चित्र कधी कधी धूसरच निघते. एर्न्स्ट हास याने हलत्या कॅमेऱ्याने जे रंगीत प्रयोग केले त्यांपासून मी पुष्कळ शिकलो. माझा प्रश्न एवढाच आहे की धूसर कोणाला करायचे, कोणाच्या संमतीने, आणि त्या धूसरपणातून कोणाची सोय होते. 'वर्षागान'मध्ये माझी सोय झाली होती.

प्रदर्शन उतरल्यावर ते चित्र घेऊन मी पाड्यावर गेलो. म्हातारी ओटीवर बसली होती. तिने ते उभे धरले, आडवे धरले.

"ह्यात मी कुठंय, भाऊ?"

मी लाल ओघळावर बोट ठेवले. "हे लुगडं, आजी. तुम्ही चढ चढताय."

ती बराच वेळ पाहत राहिली. "पुसलंस की मला," म्हणाली. रागाने नाही. मग उठून मला घरामागे घेऊन गेली. तिथे फणसाचे जुने झाड होते. ते तिच्या सासऱ्याने लावलेले. "ह्याचा काढ. झाड दिसलं पाहिजे आन् घरबी दिसलं पाहिजे. मीबी उभी राहते. तारीख येती ना त्यात? कागदाला लावायचाय. घर जुनं हाय म्हणून दाखवायला लागतं."

लेन्सचे छिद्र मी पुन्हा बारीक केले, या वेळी झाडाच्या सालीपासून घराच्या कौलापर्यंत सगळे स्पष्ट यावे म्हणून. तिपाई लावली. दोरीवरचे कपडे काढू का, असे तिच्या सुनेने विचारले. राहू द्या म्हणालो. म्हाताऱ्या फणसाच्या खोडाला हात लावून आजी उभी राहिली आणि शटर वाजेपर्यंत हलली नाही.

दोन प्रती तिने मागितल्या. एक फाइलीत घालायला, एक भिंतीला.