निरीक्षण, नाते आणि नोंद : परिचर्याविषयक तीन ग्रंथांचा परामर्श

१

व्यवसायासाठी करावयाच्या वाचनाचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. एक कृती सांगणाऱ्या पुस्तकांचा. औषधाची मात्रा, जखम बांधण्याची रीत, नाडी व श्वास मोजण्याची पद्धती ज्यात दिलेली असते ते पुस्तक, ज्ञान पुढे गेले की, बाजूला ठेवावयाचे असते. तसे करण्यात त्या पुस्तकाचा अवमान होत नाही. दुसरा प्रकार दृष्टी घडविणाऱ्या ग्रंथांचा. अशा ग्रंथांतील माहितीचा काही भाग कालबाह्य ठरतो, क्वचित मूळ प्रमेयही चुकीचे ठरते. तथापि वाचणाऱ्याच्या पाहण्यात जो पालट घडतो तो टिकून राहतो. परिचर्या आणि मानसोपचार या क्षेत्रांत दुसऱ्या प्रकारचे वाङ्मय थोडे आहे. आणि जे आहे तेही पहिल्या प्रकारात ढकलण्याची प्रवृत्ती अभ्यासक्रमांत दिसते. फ्लोरेन्स नाइटिंगेल म्हणजे ‘पर्यावरण-सिद्धान्त’, हिल्डेगार्ड पेप्लाऊ म्हणजे ‘चार अवस्था’, अर्व्हिंग गॉफमन म्हणजे ‘सर्वंकष संस्था’, अशी समीकरणे पाठ झाली की ग्रंथ वाचून झाला, अशी समजूत होऊन बसते.

प्रस्तुत लेखात या तिघांच्या एकेका ग्रंथाचा परामर्श घेऊन असे दाखवावयाचे आहे की, या ग्रंथांचे मर्म त्यांच्या सारांशात सापडत नाही, आणि ते एकमेकांसमोर ठेवून वाचले तरच प्रत्येकाची शक्ती व मर्यादा नीट ध्यानात येते. तिन्ही ग्रंथांचा मूळ प्रश्न एकच आहे: रोग्याकडे पाहणे म्हणजे काय, आणि जे पाहिले ते कोणासाठी लिहावयाचे?

२

नाइटिंगेलबाईंचे ‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे पुस्तक १८५९ च्या अखेरीस लंडन येथे प्रसिद्ध झाले. १८६० मध्ये त्याची वाढविलेली आवृत्ती निघाली, आणि १८६१ मध्ये कष्टकरी वर्गासाठी तिचे सुलभ रूप तयार झाले. सेंट टॉमस रुग्णालयातील परिचारिकांचे विद्यालय १८६० मधील. म्हणून हे पुस्तक त्या विद्यालयासाठी लिहिलेले पाठ्यपुस्तक असावे, असा समज सहज होतो. वस्तुतः हे पाठ्यपुस्तक नव्हे, हे लेखिकेने प्रस्तावनेतच स्पष्ट केले आहे. घरातील कोणाच्या ना कोणाच्या प्रकृतीची जबाबदारी ज्यांच्यावर येऊन पडते अशा स्त्रियांना विचार करावयास लावावे, एवढाच तिचा हेतू आहे.

हवा, उजेड, घराचे आरोग्य, आवाज, अन्न, अंथरूण अशी प्रकरणांची नावे पाहिली म्हणजे हे गृहव्यवस्थेचे पुस्तक वाटावे. परंतु आवाजावरील प्रकरण वाचणाऱ्यास वेगळाच अनुभव येतो. मोठ्या आवाजापेक्षा दाराबाहेर चाललेली कुजबुज रोग्याला अधिक छळते. कारण ती आपल्याविषयी आहे हे त्याला कळते आणि काय आहे हे कळत नाही. खोट्या धीराच्या बडबडीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. रोग्याला भेटावयास येणारी माणसे ‘तुम्ही लवकरच बरे व्हाल’ असे म्हणतात, तेव्हा ती रोग्याला नव्हे, स्वतःला धीर देत असतात, असा त्याचा रोख आहे. हे लिहिणारी स्त्री १८५७ पासून स्वतः दीर्घ आजाराने बव्हंशी खोलीतच होती, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रकरणांतील तीक्ष्णता कोठून आली ते उमगते. परिचारिकेने परिचारिकेसाठी लिहिलेल्या या पुस्तकात बोलणारा स्वर पुष्कळदा रोग्याचा आहे. ‘पर्यावरण-सिद्धान्त’ या शब्दात नेमका हाच स्वर नाहीसा होतो.

पुस्तकाचा कळस म्हणजे रोग्याच्या निरीक्षणावरील प्रकरण होय. ‘रात्र बरी गेली का?’ या प्रश्नाचे तेथे जे विवेचन आहे ते भाषेच्या अभ्यासकानेही वाचावे असे आहे. एखाद्याला दहा तास अखंड झोप लागली नाही तर रात्र वाईट गेली असे वाटते, दुसऱ्याला अधूनमधून डुलकी लागली तरी तक्रार नसते. तेव्हा प्रश्नातच उत्तर सुचविणारी विचारणा निरर्थक असून, झोप किती तास आणि रात्रीच्या कोणत्या प्रहरी लागली हे विचारले पाहिजे. येथे परिचारिकेला दोन गोष्टी एकदम शिकविल्या जातात: विशेषण टाकून संख्येकडे वळणे, आणि दुसऱ्याच्या शब्दाचा अर्थ आपल्या मापाने न लावणे. निरीक्षण हे कुतूहलाच्या तृप्तीसाठी नसून जीव वाचविण्यासाठी आहे, हा त्या विवेचनाचा निष्कर्ष आहे.

या पुस्तकाच्या मर्यादाही उघड आहेत. रोग हे परस्परांहून भिन्न, स्वतंत्र जाती आहेत हे लेखिकेला मान्य नव्हते. अस्वच्छ परिस्थितीतून एक रोग दुसऱ्यात परिणत होतो, असे तिचे मत होते. संसर्गाच्या कल्पनेविषयी तिची वृत्ती साशंक होती. क्षयाचे जंतू कॉख यांनी १८८२ मध्ये दाखविल्यानंतर त्या मताला आधार उरला नाही. परंतु परिचारिकेने दिवसातून वारंवार हात धुवावेत हा नियम त्याच पुस्तकात आहे, आणि तो आजही तितकाच खरा आहे. उपपत्ती चुकली असता आचार टिकला. कारण तो उपपत्तीतून निघाला नव्हता, पाहण्यातून निघाला होता. मात्र येथेच एक विसंगती नोंदविणे प्राप्त आहे. प्रत्यक्ष पाहण्याचा एवढा आग्रह धरणाऱ्या नाइटिंगेलबाईंनी हिंदुस्थानातील सैन्याच्या आरोग्यावर १८६३ मध्ये जे विस्तृत निवेदन लिहिले, ते या देशात कधीही पाऊल न ठेवता, छावण्यांकडून आलेल्या लेखी उत्तरांच्या आधारे लिहिले. ते निवेदन उपयुक्त ठरले. तथापि जो पाहतो तोच लिहितो असे नाही, आणि कागदावरून पाहणे हेही एक प्रकारचे पाहणे होऊन बसते, हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

३

पेप्लाऊबाईंच्या ‘इंटरपर्सनल रिलेशन्स इन नर्सिंग’ या ग्रंथाचा जन्मच एका वादातून झाला. हस्तलिखित १८४८ नव्हे, १९४८ मध्ये सिद्ध होते. म्हणजे नाइटिंगेलबाईंच्या पुस्तकानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी. तरीही डॉक्टराचे नाव सहलेखक म्हणून नसताना परिचारिकेने एकटीने असा ग्रंथ प्रसिद्ध करावा, हे धाडसाचे मानले गेले आणि प्रकाशन १९५२ पर्यंत लांबले. हॅरी स्टॅक सलिव्हन यांच्या मानसोपचारविषयक विचारांचा या ग्रंथावर गाढ संस्कार आहे. परिचर्या ही रोग्यावर करावयाची क्रिया नसून रोगी आणि परिचारिका या दोन माणसांमध्ये घडणारी, दोघांनाही प्रौढ करणारी घटना आहे, हे त्याचे मुख्य प्रमेय होय.

या नात्याच्या चार अवस्था लेखिकेने कल्पिल्या आहेत. त्यांची मराठी नावे योजताना एक मार्मिक अडचण उभी राहते. तिसऱ्या अवस्थेला मुळात ‘एक्स्प्लॉयटेशन’ असे नाव आहे. कोशातला पहिला अर्थ उचलून त्याला ‘शोषण’ म्हटले तर सगळ्याच विवेचनाचा विपर्यास होईल. कारण या अवस्थेत रोगी आपल्याला उपलब्ध असलेल्या सर्व साहाय्याचा पुरेपूर लाभ घेऊ लागतो, असे लेखिकेला म्हणावयाचे आहे. ‘उपयोजन’ हा शब्द येथे चालेल. चौथ्या अवस्थेत जुन्या गरजा भागल्याने नाते सुटते. ‘निराकरण’ या शब्दाने प्रश्न सुटल्याचे कळते, पण माणसे एकमेकांपासून सुटल्याचे कळत नाही. ‘मोकळीक’ हा साधा शब्द मला अधिक जवळचा वाटतो. अवस्थांची यादी पाठ करणाऱ्याला या अडचणी येतच नाहीत. त्या येणे हीच ग्रंथ वाचल्याची खूण आहे.

परिचारिकेच्या भूमिकांत पेप्लाऊबाईंनी पहिले स्थान ‘अनोळखी माणूस’ या भूमिकेला दिले आहे. रोगी आणि परिचारिका प्रथम भेटतात ते दोन अपरिचित म्हणून. आणि अपरिचिताला आपण जो साधा आदर देतो तोच येथे द्यावयाचा असतो. पुढे रोगी तिच्या ठिकाणी आई, बहीण वा आणखी कोणी पाहू लागतो. हे ओळखून त्याला तिच्या स्वतंत्र व्यक्तित्वाकडे आणणे हे तिचे काम ठरते. आता आपल्याकडील रुग्णालयाचा विचार करावा. तेथे परिचारिका पहिल्या क्षणापासून ‘सिस्टर’ असते, साफसफाई करणारी स्त्री ‘मावशी’ आणि वॉर्डातला मदतनीस ‘मामा’. अनोळखीपणाची अवस्था आपल्या भाषेत जणू संबोधनानेच ओलांडली जाते. यात ऊब आहे यात शंका नाही. परंतु नाते जोडण्याच्या आधीच नात्याचा शब्द वापरला गेल्याने, मावशी रागावली तर रोग्याने सोसावे आणि मामाने हात धरून ओढले तर ते घरच्यासारखे समजावे, अशी अपेक्षाही त्या शब्दाबरोबर येते. पेप्लाऊबाईंचा ग्रंथ मराठीत वाचताना या प्रश्नाला बगल देता येणार नाही.

या ठिकाणी चरकसंहितेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगितले असून, प्रत्येकाचे चार गुण दिले आहेत. परिचारकाच्या गुणांत उपचारांचे ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता येतात. रोग्याच्या गुणांत ‘ज्ञापकत्व’ म्हणजे आपली व्यथा सांगता येणे हा एक गुण आहे. ही मांडणी फार सूक्ष्म आहे, कारण ती रोग्यालाही चिकित्सेचा एक पाय मानते. परंतु ज्ञापकत्व हा तेथे रोग्याचा गुण आहे. पेप्लाऊबाईंच्या मते तो दोघांच्या नात्यातून निर्माण होतो. ‘जिवाची उलघाल होते’ एवढेच म्हणून थांबणारा रोगी ज्ञापकत्वहीन नव्हे. ती उलघाल केव्हा, कोणाच्या येण्याने वा जाण्याने होते हे विचारणारे कोणी त्याला भेटलेले नसते.

तथापि हा ग्रंथ गृहीत धरतो तो रोगी बोलणारा आहे, आणि गृहीत धरते ती परिचारिका वेळ असलेली आहे. एका परिचारिकेकडे अनेक रोगी असतील आणि पाळी संपताच ती बदलत असेल, तर नात्याच्या अवस्था कोणत्या दिवशी सुरू व्हाव्यात? संस्थेचे स्वरूपच नात्याच्या आड येत असेल तर काय, हा प्रश्न पेप्लाऊबाईंच्या चौकटीत पुरेसा मांडला जात नाही. तो मांडण्याचे काम एका समाजशास्त्रज्ञाने केले.

४

गॉफमन यांचा ‘असायलम्स’ हा चार निबंधांचा ग्रंथ १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी त्यांनी १९५५-५६ मध्ये वॉशिंग्टन येथील सेंट एलिझाबेथ्स या सात हजारांहून अधिक रोगी असलेल्या मनोरुग्णालयात क्रीडाप्रमुखाचा साहाय्यक या नात्याने वावरून निरीक्षण केले. झोपणे, काम करणे आणि विरंगुळा या तीन गोष्टी माणूस एरवी तीन ठिकाणी करतो. त्या तिन्ही एकाच छताखाली आणि एकाच अधिकाराखाली आल्या म्हणजे माणसाच्या ‘स्व’चे काय होते, हा त्यांचा विषय आहे.

परिचारिकेच्या दृष्टीने या ग्रंथातील सर्वांत बोचरा भाग म्हणजे रुग्णपत्रिकेची चिकित्सा होय. पत्रिकेत रोग्याच्या आयुष्यातील जे काही उतरते ते बहुधा त्याचे वेड सिद्ध करणारे असते; ज्या असंख्य प्रसंगी तो नीट वागला त्यांची नोंद कोणी करीत नाही. कागद पुढे सरकत राहतो, आणि ज्याने त्या माणसाला कधी पाहिले नाही तोही त्यावरून त्याला ओळखू लागतो. म्हणजे नाइटिंगेलबाईंनी ज्याला परिचर्येचा प्राण मानले ते निरीक्षणच येथे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे आहे. याउलट ज्या गोष्टींकडे संस्था शिस्तभंग म्हणून पाहते, त्यांत गॉफमन यांना माणूसपण टिकविण्याची धडपड दिसते. आपले कपडे न्हाणीघरात स्वतः धुऊन खोली तापविणाऱ्या नळ्यांवर वाळविणे हे त्यांच्या लेखी लक्षण नसून स्वतःचे असे काही राखणे आहे.

रोग्याची बाजू यथार्थपणे मांडावयाची तर चित्र एकांगी होणारच, हे गॉफमन यांनी प्रस्तावनेत मोकळेपणाने मान्य केले आहे. परंतु एकांगीपणाची कबुली हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही. त्यांच्या चित्रात परिचारिका व सेवक आहेत ते संस्थेचे हात म्हणून. रात्रपाळीत एका भयभीत माणसाशेजारी बसून राहिलेली व्यक्ती त्यात जवळजवळ नाही. खऱ्या यातनेविषयीही ग्रंथ फार थोडे बोलतो. संस्था गेली तरी आजार जात नाही. भिंती पाडल्यावर शुश्रूषा कोणी करावयाची, याचे उत्तर या ग्रंथात शोधणाऱ्याच्या पदरी निराशा येते.

५

तात्पर्य, पहिला ग्रंथ पाहावयास शिकवितो, दुसरा पाहणाऱ्यालाही पाहावयास लावतो, आणि तिसरा पाहण्यात दडलेली सत्ता उघडी करतो. नाइटिंगेलबाईंना गॉफमनशिवाय वाचले तर निरीक्षण ही पाळत होण्याचा धोका आहे. गॉफमनना नाइटिंगेलबाईंशिवाय वाचले तर शुश्रूषेवरचा विश्वासच उडण्याचा धोका आहे. आणि त्या दोहोंशिवाय पेप्लाऊबाईंना वाचले तर नाते ही केवळ सद्भावना होऊन बसते.

हा प्रश्न केवळ ग्रंथालयातला नाही. मानसिक आरोग्यसेवेचा २०१७ चा कायदा भारतात मे २०१८ पासून अमलात आला. त्यातील पंचविसाव्या कलमाने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क दिला. गंभीर अपाय संभवत असेल तर विशिष्ट माहिती रोखता येते, हा अपवाद सोडला तर नोंद लिहिणाऱ्याला एक नवा वाचक मिळाला आहे, आणि तो वाचक म्हणजे स्वतः रोगी. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत रोगी पुष्कळदा मराठीत बोलतो, आणि व्यवसायाची परिभाषा मात्र इंग्रजी आहे. ‘रोगी असहकार करतो’ हा शेरा आणि ‘जेवणाचे ताट दोनदा परत केले, विचारल्यावर घरचे कोणी आले का असे म्हणाला’ ही नोंद, यांतील अंतर हे शैलीचे अंतर नाही. पहिल्या वाक्याने माणूस बंद होतो, दुसऱ्याने त्याच्याशी उद्या काय बोलावयाचे ते कळते.

असे दुसरे वाक्य लिहिणारी परिचारिका सारांशाच्या वह्यांतून तयार होत नाही. म्हणून पदव्युत्तर वर्गात या तीन ग्रंथांपैकी निदान एकेक प्रकरण तरी मुळातून, सावकाश, शब्दाशब्दावर थांबून वाचले जावे; आणि त्याच तासाला विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेली एखादी नोंद, रोग्याचे नाव व ओळख पटविणारा सर्व तपशील गाळून, शेजारी ठेवून तपासली जावी. साहित्यसमीक्षेच्या वर्गात आपण कवितेच्या ओळीला जेवढे लक्ष देतो तेवढे लक्ष मिळण्याचा अधिकार त्या नोंदीलाही आहे. कारण तिच्यावर कोणाची तरी उद्याची सकाळ अवलंबून असते.