छायाचित्रकाराचें हत्यार : मालकीचें कीं भाड्याचें ?

‘वर्गणी’ हा शब्द मराठी वाचकाला अपरिचित नाहीं. मासिकें वर्गणीवर चालतात, वाचनालयें वर्गणीवर चालतात, गणेशोत्सव तर सर्वस्वी वर्गणीवरच चालतो. आणि या शब्दाला स्वखुषीच्या सहकार्याचा जो एक सुवास आहे, तो या जुन्या संस्थांनींच त्याला प्राप्त करून दिलेला आहे. अलीकडे मात्र हाच शब्द एका अगदीं निराळ्या व्यवहाराला लावण्यांत येऊं लागला आहे. छायाचित्रें सुधारण्याचीं, त्यांतील छायाप्रकाश व रंग यांचा मेळ घालण्याचीं जीं सॉफ्टवेअरें संगणकावर चालतात, त्यांतील सर्वांत प्रमुख अशीं आतां विकत मिळतच नाहींत. दरमहा ‘वर्गणी’ भरावी, आणि भराल तोंपर्यंत वापरावीं, असा नियम झाला आहे. हा बदल इष्ट कीं अनिष्ट, हा प्रश्न वरवर पाहतां धंदेवाल्यांच्या हिशेबाचा दिसतो. परंतु ज्या व्यवहारांत शब्दांचे अर्थच पालटतात, तो व्यवहार वाङ्मयाच्या अभ्यासकानेंहि तपासून पाहणें अनुचित होणार नाहीं. शिवाय लग्नाचा अल्बम नाहीं असें सुशिक्षित घर आज सांपडणें कठीण; तेव्हां हा प्रश्न आपणां सर्वांच्याच कपाटापर्यंत येऊन पोंचला आहे असें म्हणण्यास हरकत नाहीं.

प्रथम इतिहास थोडक्यांत पाहूं. थॉमस व जॉन नोल या अमेरिकन बंधूंनीं रचलेलें फोटोशॉप अ‍ॅडोबी कंपनीनें १९९० च्या फेब्रुवारींत बाजारांत आणलें. पुढें वीस-बावीस वर्षें तें इतर जिनसांप्रमाणें पेटींत घालून विकलें जात असे. २०१२ सालीं निघालेली सीएस-६ ही या पद्धतीची शेवटची आवृत्ति ठरली. कारण २०१३ च्या मे महिन्यांत कंपनीनें जाहीर केलें कीं, यापुढील आवृत्त्या केवळ वर्गणीनेंच मिळतील. छायाचित्रकारांचें दुसरें आवडतें साधन जें लाइटरूम, त्याचीहि २०१५ ची सहावी आवृत्ति विक्रीची अखेरची झाली, आणि २०१७ मध्यें तेंहि वर्गणीच्या गोटांत गेलें.

या पद्धतीच्या समर्थकांचें म्हणणें प्रथम नीट ऐकून घेतलें पाहिजे. कारण तें पोकळ नाहीं. फोटोशॉप सीएस-६ ची अमेरिकेंतील किंमत ६९९ डॉलर होती. उलट फोटोशॉप व लाइटरूम मिळून छायाचित्रकारांसाठीं जी वर्गणी २०१३ मध्यें ठरली, ती महिना ९.९९ डॉलर. म्हणजे ६९९ डॉलरांत जवळजवळ सहा वर्षांची वर्गणी भागते. बरें, विकत घेणारा तरी एकदां पैसे मोजून कायमचा मोकळा होत होता काय ? दर दोन वर्षांनीं नवी आवृत्ति निघे आणि जुन्या गिऱ्हाइकाला ती १९९ डॉलरांस मिळे; म्हणजे महिना सव्वाआठ डॉलर त्याहि मार्गानें जातच होते. जो प्रत्येक नवी आवृत्ति घेत होता, त्याच्या दृष्टीनें भाडें आणि खरेदी यांत फारसा फरक नाहीं. नवशिक्या विद्यार्थ्याला तर आरंभींच मोठी रक्कम उभी करावी लागत नाहीं, हा भाड्याचा स्पष्ट लाभ आहे. चोरून उतरवून घेतलेल्या प्रती आपल्याकडे किती सर्रास वापरल्या गेल्या, हें सर्वांस ठाऊक आहे. थोडक्या पैशांत सरळ मार्ग उपलब्ध झाला, हीहि गोष्ट कंपनीच्या पदरांत टाकली पाहिजे.

मग तक्रार कशाची ? तक्रार रकमेची नाहीं. थांबण्याचें स्वातंत्र्य गेलें, याची आहे. ‘मला एवढें पुरे’ असें म्हणण्याचा अधिकार हा मालकीचा गाभा होय. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यानें १८६९ पासून देवनागरी मुद्रणाला जें वळण लावलें, त्या काळचा मुद्रक टाइप विकत घेई. ते झिजेपर्यंत वापरी, आणि झिजल्यावर वितळवी. नवें वळण निघालें म्हणून जुने खिळे त्याच्या पेटींतून कोणी काढून नेत नसे. आतां याच्याशेजारीं आजची गोष्ट ठेवून पाहावी. संगणकावरील अक्षरांची ‘टाइप १’ नांवाची एक जुनी जात आहे; तिचा आधार अ‍ॅडोबीनें २०२३ च्या जानेवारीपासून काढून घेतला. ज्यांनीं त्या जातीचे टंक पैसे मोजून घेतले होते, त्यांचे टंक नव्या आवृत्तींत मुके झाले. विकत घेतलेली जुनी आवृत्ति ज्याच्याजवळ आहे तो निदान तिच्यावर काम चालवूं शकतो. भाडेकऱ्याला मात्र मालक ज्या आवृत्त्या ठेवील त्यांच्याच आश्रयानें राहावें लागतें. दराचेंहि तसेंच. वर सांगितलेली ९.९९ डॉलरांची योजना २०२५ च्या जानेवारीपासून नव्या गिऱ्हाइकांस बंद झाली, आणि महिन्याच्या महिन्यास पैसे भरणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकांचा दर १४.९९ वर गेला. ज्या हिशेबावर आपण भाडें पत्करलें, तो हिशेब बदलण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हातीं आहे, हें येथें विसरतां येत नाहीं.

म्हणूनच ‘वर्गणी’ हा शब्द येथें खोटा आहे, असें आमचें मत आहे. मासिकाची वर्गणी बंद केली तरी मागील अंक कपाटांत राहतात. त्यांची बांधणी करून नातवंडांस देतां येतात. वाचनालयाची वर्गणी थांबली तर पुस्तक परत जातें हें खरें. पण त्या पुस्तकावरून आपण केलेलें टिपण ग्रंथपाल कुलपांत घालीत नाहीं. आणि गणेशोत्सवाची वर्गणी देणारा हा मंडळाचा एक घटक असतो, भाडेकरू नव्हे. येथें यांपैकीं कांहींच नाहीं. न्यायाच्या दृष्टीनें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, वर्गणी संपली म्हणून आपलीं छायाचित्रें कोणी जप्त करीत नाहीं. लाइटरूमच्या संगणकावरील आवृत्तींत तीं नंतरहि पाहतां येतात, बाहेरहि काढतां येतात. बंद होतो तो त्यांच्यावर पुढें संस्कार करण्याचा कक्ष. चित्र आपलें, पण त्यावर हात फिरवण्याची मुभा दुसऱ्याची, अशा या स्थितीस ‘भाडें’ हेंच प्रामाणिक नांव होय.

आणि भाडें म्हटलें म्हणून तें निंद्य ठरतें असें मुळींच नाहीं. प्रस्तुत लेखक ज्या कुरुळी गांवीं राहतो, तें खेड तालुक्यांत पुणें-नाशिक रस्त्यावर, मोशी व चाकण यांच्या दरम्यान वसलेलें आहे. आणि भाडें म्हणजे काय हें शिकण्यास याहून चांगली शाळा मिळणें कठीण. या टापूंतील कित्येक शेतकऱ्यांच्या जमिनी औद्योगिक क्षेत्रासाठीं संपादित झाल्या. त्या एकदांच मोबदला देऊन कायमच्या गेल्या. पण त्याच जमिनीचे भूखंड औद्योगिक विकास महामंडळ कारखानदारांस सामान्यतः ९५ वर्षांच्या पट्ट्यानें देतें. उरलेल्या जागेंत शेतकऱ्यानें खोल्या बांधल्या, त्यांत मराठवाड्यांतून व विदर्भांतून आलेला कामगार भाड्यानें राहतो, आणि रस्त्याकडेचा फोटो स्टुडिओहि बहुधा भाड्याच्याच गाळ्यांत असतो. येथें सारें जीवनच भाड्यावर उभें आहे, आणि तें चालतें. कारण भाड्याचे नियम उभयतांस ठाऊक असतात. पट्ट्याची मुदत ठरलेली, खोलीचा करार अकरा महिन्यांचा, त्यांतील दर व वाढ लिहिलेली, आणि सोडून जाण्याची नोटीस किती दिवसांची हेंहि लिहिलेलें. मुदत, दर आणि सुटका या तीन गोष्टी स्पष्ट असल्या म्हणजे भाडें हा सरळ व्यवहार होतो.

या तीन कसोट्या सॉफ्टवेअरच्या भाड्यास लावल्या तर काय दिसतें ? दराविषयीं वर सांगितलेंच आहे. सुटकेविषयीं अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या शिफारशीवरून २०२४ च्या जूनमध्यें अ‍ॅडोबीविरुद्ध जी फिर्याद दाखल झाली, तिच्यांतील आरोप असा होता कीं, वर्षाचा करार व महिन्याचा हप्ता अशी जी योजना गिऱ्हाइकाच्या गळीं उतरवली जाते, तिच्यांतून पहिल्या वर्षांतच बाहेर पडल्यास भरावा लागणारा दंड लपवून ठेवलेला असतो, आणि करार रद्द करण्याची वाट मुद्दाम अवघड केलेली असते. आरोप म्हणजे निवाडा नव्हे, हें आम्ही जाणतों. परंतु अशी फिर्याद उद्भवावी, हेंच या भाडेपत्राच्या भाषेविषयीं पुरेसें बोलकें आहे. कुरुळींतील खोलीमालकाचा एक पानाचा करार या दृष्टीनें अधिक चांगलें गद्य आहे, असें कोणी म्हटल्यास आम्ही त्याशीं वाद घालणार नाहीं.

आपल्या ग्रामव्यवस्थेंतील बलुत्याशीं या पद्धतीची तुलना करण्याचा मोह होतो. कारण बलुतें हेंहि वर्षानुवर्षें चालणारें देणें होतें. पण तुलना करूं जातां फरकच अधिक उठून दिसतो. बलुत्याची पद्धति जातिबंधनांनीं जखडलेली होती, आणि ती गेली हें इष्टच झालें. तथापि तींत एक तत्त्व होतें तें हें कीं, देणें सुगीवर द्यावयाचें. पीक बुडालें तर बलुतेंहि घटे. शिवाय तेथें सुतार, लोहार हे कारागीर घेणारे होते. येथें कारागीरच देणारा झाला आहे. आणि आपल्या छायाचित्रकाराची सुगी म्हणजे लग्नसराई. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि आषाढी एकादशीबरोबर संपतात. चातुर्मासांत त्याच्या दुकानांत ओळखपत्राच्या फोटोंखेरीज फारसें गिऱ्हाईक नसतें. पण भाड्याचा हप्ता चातुर्मास पाळीत नाहीं. मोठ्या शहरांतील ज्या संस्थेला बारा महिने काम आहे, तिला हें भाडें जाणवतहि नाहीं. ज्याचें उत्पन्न मुहूर्तांवर अवलंबून आहे, त्याला मात्र तें श्रावणांत जाणवतें.

एक आक्षेप येथें घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. विकत घेतलेलें सॉफ्टवेअर तरी खरोखर मालकीचें असतें काय ? नाहीं. पूर्वींहि मिळत होता तो वापरण्याचा परवानाच. २०१९ मध्यें अ‍ॅपलनें आपल्या संगणकांवर ३२ बिटांचे जुने प्रोग्राम चालवणें बंद केलें, तेव्हां रीतसर विकत घेतलेलीं कित्येक साधनें एका रात्रींत निकामी झालीं. यंत्र मोडतें, जग पुढें जातें. अमर असें कांहींच नसतें. पण झिजून बंद पडणें निराळें, आणि दुसऱ्याच्या आज्ञेनें बंद पडणें निराळें. त्याच २०१९ च्या ऑक्टोबरांत अमेरिकन अध्यक्षांच्या एका आदेशामुळें व्हेनेझुएलांतील सर्व खातीं बंद करावीं लागतील, असें अ‍ॅडोबीनें जाहीर केलें. पुढें परवानगी मिळून तीं चालू राहिलीं, हें त्या लोकांचें सुदैव. पण काराकासमधील एखाद्या छायाचित्रकारानें हप्ता वेळेवर भरूनहि त्याचें हत्यार वॉशिंग्टनमधील एका सहीनें बोथट होऊं शकतें, एवढें त्यावरून सिद्ध झालें. असला प्रसंग सीएस-६ ची पेटी जवळ असणारावर सहसा येत नाहीं.

मग मार्ग कोणता ? आपल्याच इतिहासांत दोन दृष्टांत आहेत. दादासाहेब फाळक्यांनीं आपल्या विम्याची पॉलिसी तारण ठेवली, १९१२ मध्यें विलायतेस जाऊन विल्यमसन कॅमेरा विकत आणला, आणि पुढच्याच वर्षीं ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. कोल्हापुरांत बाबूराव पेंटरांनीं कॅमेरा स्वतःच घडवला, आणि १९२० मध्यें ‘सैरंध्री’ लोकांपुढें ठेवला. एकानें हत्यार विकत घेतलें, दुसऱ्यानें घडवलें. दोघांचीहि कला स्वतःच्या हत्यारावर वाढली. आजहि हे दोन्ही मार्ग पुरते बुजलेले नाहींत. स्पेन्सर किम्बल व पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनीं १९९५ च्या सुमारास बर्कली येथें आरंभिलेलें गिम्प हें सर्वांस मोफत व मुक्त आहे. कोणीहि त्याची घडण उघडून पाहावी, बदलावी, वांटावी. त्याची तिसरी आवृत्ति २०२५ च्या मार्चमध्यें निघाली. तें शिकण्यास फोटोशॉपहून कष्ट अधिक पडतात, हें लपविण्याचें कारण नाहीं. पेंटरांनाहि कमी पडले नव्हते. मोफत म्हणजे मुक्त, असा समज मात्र करून घेऊं नये. अ‍ॅफिनिटी हें साधन २०१५ पासून माफक किंमतीस कायमचें विकत मिळत असे. २०२४ मध्यें कॅन्व्हा या कंपनीनें तें आपल्या ताब्यांत घेतलें, आणि २०२५ च्या ऑक्टोबरांत तें फुकट केलें. गिऱ्हाईक संतुष्ट झालें. पण ज्यानें आज फुकट दिलें, त्याला उद्यां अटी घालण्यास कोण अडवणार? गिम्पचें तसें नाहीं. त्याच्या मुक्ततेची हमी त्याच्या परवान्यांतच लिहिलेली आहे.

आमचा निष्कर्ष असा. ज्याचें काम बारमाही आहे आणि ज्याला नित्य नवें साधन लागतें, त्यानें खुशाल भाडें द्यावें. मात्र करारपत्रांतील मुदत, दर व सुटका हीं तीन कलमें खोलीच्या करारासारखीं वाचून घ्यावीं. लहान स्टुडिओवाल्यानें आपलीं मूळ चित्रें व तयार अल्बम कोणत्याहि प्रोग्रामनें उघडतील अशा सर्वसामान्य स्वरूपांत निराळे जतन करून ठेवावे, आणि एखादें मुक्त साधन हातास सवयीचें करून ठेवावें, म्हणजे श्रावणांत हप्ता थांबला तरी हात थांबणार नाहींत. शाळा, ग्रंथालयें व संशोधन-संस्था यांनीं तर भाड्याच्या हत्यारावर आपला संग्रह उभारूंच नये. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ प्रसिद्ध केलीं, तीं लोकांच्या माळ्यांवरील जुन्या दप्तरांतून. तीं दप्तरें उघडण्यास मोडी वाचण्याची विद्या आणि अपार चिकाटी एवढेंच लागलें. ज्या कारकुनानें तीं लिहिलीं, त्याला लेखणी विकणाऱ्याची परवानगी लागली नाहीं. आपल्या पिढीचें दप्तर म्हणजे हीं छायाचित्रें. शंभर वर्षांनीं तीं कोणीतरी उघडूं पाहील, तेव्हां त्याच्यापाशीं विद्या आणि चिकाटी असली म्हणजे पुरे व्हावें, अशी व्यवस्था आपणच आज करून ठेवली पाहिजे.