प्रतिकृतीतील आगगाडी

भोर आणि वेल्हे या डोंगराळ मुलखात आजवर आगगाडीचा रूळ पडलेला नाही. पूर्वेस नीरेवरून पुणे-मिरज लोहमार्ग जातो, उत्तरेस पुण्याचे स्टेशन आहे. मधल्या मावळात मात्र इंजिनाची शिटी कधी घुमली नाही. इंग्रजी ग्रंथांत 'भोर घाट' हे नाव वारंवार आढळते व भोरकरांचा अभिमान क्षणभर जागा होतो. परंतु तो घाट खंडाळ्याचा, १८६३ साली रूळ टाकून पुरा झालेला बोरघाट होय, आणि आमच्या भोरचा त्याच्याशी संबंध असलाच तर परक्या लिपीतील एका अक्षरापुरता. अशा या रूळहीन गावी एक गृहस्थ गेली वीस-बावीस वर्षे आपल्या माडीवर आगगाडी बांधीत आहेत. शाळेत हस्तव्यवसाय शिकवून ते निवृत्त झाले. आपले नाव छापू नये एवढ्या अटीवर त्यांनी आपले काम मला दोन दिवस मनसोक्त पाहू दिले. ते पाहून जे विचार मनात आले ते येथे मांडीत आहे.

वाङ्मयास वाहिलेल्या मासिकात पत्र्याच्या इंजिनाला जागा कशास, असे कोणी विचारील. 'खेळणे' हा शब्द प्रौढ माणसाच्या उद्योगास लावला की आपल्याकडे त्या उद्योगाचा निकाल लागतो. परंतु प्रतिकृती करणाऱ्यापुढे क्षणोक्षणी जो प्रश्न उभा राहतो, तोच कादंबरीकार, नट आणि चित्रकार यांच्याही पुढे असतो. मूळ वस्तूशी इमान राखावयाचे ते कोठवर, आणि ते मोडावयाचे झाल्यास कोणत्या अधिकाराने? साहित्यात हा प्रश्न शब्दांच्या धुक्यात हरवून जातो. येथे तो मिलिमीटरांत मोजता येतो. टीकाकारास यापरते सुख कोणते?

या कलेचे आपल्या प्रांतातील सर्वश्रुत स्थान म्हणजे पुण्यास कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय. ते १९९८ साली लोकांस खुले झाले. तेथे एक अख्खे नगर मांडलेले आहे: सिग्नल, रस्त्यावरचे दिवे, उड्डाणपूल, पोहण्याचा तलाव, सर्कस, आणि त्यातून वाफेच्या इंजिनाच्या गाडीपासून वरच्या रुळास लोंबकळत जाणाऱ्या गाडीपर्यंत नाना जातींच्या गाड्या धावतात. मुले श्वास रोधून पाहतात आणि त्यांस घेऊन आलेले वडील मुलांहून अधिक वेळ रेंगाळतात. तेथील आनंद नाटकाचा आहे. गाडी हे पात्र, नगर हे नेपथ्य. एका पात्रावर डोळा ठरतो न ठरतो तोच दुसरे प्रवेश करते. त्या नगराचे वळण बरेचसे युरोपीय आहे, कोथरूडच्या मुलास त्यात आपले घर सापडत नाही; पण परीकथेतही ते सापडत नसतेच. एका माणसाच्या छंदातून असे काही उभे राहावे ही सामान्य गोष्ट नव्हे. माझा मुद्दा एवढाच की, तेथे 'हे हुबेहूब आहे काय' हा प्रश्न मनास शिवत नाही. भोरच्या माडीवर दुसरा प्रश्नच सुचत नाही.

माडीवर भिंतीलगत दीड हात रुंदीची फळी आहे आणि तिच्यावर नीरा स्टेशन आहे. आजचे नव्हे, या गृहस्थांनी लहानपणी वडिलांचे बोट धरून पाहिलेले. पुणे-मिरज मार्ग १९७१ च्या सुमारास रुंद झाला. तोवर तो मीटर गेजचा होता, आणि फळीवरचे रूळही मीटर गेजचेच आहेत. कामाचा मुकुटमणी म्हणजे वायपी जातीचे इंजिन. १९४९ पासून पुढे या जातीची आठशेहून अधिक इंजिने देशातील मीटर गेजसाठी बांधली गेली. पुढे चार, मध्ये सहा, मागे दोन अशी चाकांची रचना. मधली चाके साडेचार फूट व्यासाची. प्रतिकृतीचे प्रमाण एकास सत्त्याऐंशी, म्हणजे ती चाके येथे पावणेसोळा मिलिमीटरांची झाली. बॉयलर पितळी नळीचा, ड्रायव्हरची खोली पातळ पितळी पत्र्याची, दोन्ही डाख लावून सांधलेली. मोटर टेंडरमध्ये कोळशाखाली दडविली आहे. रिवेट उठविण्याची त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. पत्रा शिशाच्या ठोकळ्यावर पालथा ठेवावयाचा, मागून बोथट सुईने एकेक टोचा द्यावयाचा, की पुढच्या बाजूस रिवेटचे डोके उठते. एक टोचा खोल गेला किंवा ओळ केसभर वाकडी झाली तर तो पत्रा फुकट. टेंडरच्या डाव्या बाजूसाठी सात पत्रे फेकले आणि आठवा लागला, असे ते सहज सांगून गेले.

मला ज्या गोष्टीने थांबविले ती मात्र याच्या पुढची आहे. पाणी भरण्याच्या झाकणाखाली क्षाराचे पांढुरके ओघळ आहेत. धुराड्यामागे बॉयलरच्या पाठीवर काजळीचा थर आहे, तो मागे जाता जाता विरतो. आणि ड्रायव्हरच्या पायरीवर, जेथे बूट रोज पडावयाचा नेमक्या तेथे, रंग उडून धातूची कड उघडी पडली आहे. नवखे कारागीर इंजिन जुने दिसावे म्हणून सर्वत्र सारखा मळ फासतात. नायिकेचे दुःख दाखविण्यासाठी तिला पानोपानी रडविणाऱ्या कादंबरीकारांची जात तीच. या गृहस्थांनी प्रत्येक डागास कारण दिले आहे. मालगाडीच्या एका वाघिणीस जुन्या फळ्यांत एकच फळी नवी बसविलेली आहे. ती कधी मोडली, कोणत्या वर्कशॉपात बदलली, हे कोणी सांगत नाही, पण काहीतरी घडून गेले आहे एवढे कळते. कथेतील गतकाल यापेक्षा थोडक्यात सुचविता येईल असे मला वाटत नाही.

दोष सांगावयाचा तर माणसांचा. फलाटावरील माणसे विकत आणलेली, परदेशी साच्यातील प्लास्टिकची आहेत. त्यांस धोतर आणि पागोटे रंगाने चढविले आहे. कपडे बदलले, उभे राहण्याची ढब बदलली नाही. ओझे शेजारी टाकून उकिडवा बसलेला एकही माणूस त्या फलाटावर नाही, आणि ज्या फलाटावर उकिडवा बसलेला माणूस नाही तो फलाट आपल्या देशातील नव्हे. ज्या डोळ्याने पायरीवरची झीज पाहिली, त्याने हे पाहू नये याचे मला आश्चर्य वाटले व मी तसे बोललोही.

आता मापाविषयी. ज्यास आपण रुंद मार्ग म्हणतो त्याच्या दोन रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर. एकास सत्त्याऐंशीच्या प्रमाणात ते सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हावयास हवे. बाजारात मिळणारे रूळ मात्र साडेसोळा मिलिमीटरांचे, कारण ते १४३५ मिलिमीटरांच्या विलायती मार्गावरून बेतलेले. परिणाम असा की, आपल्याकडचा हौशी माणूस डेक्कन क्वीनचे रिवेट मोजून बसवितो आणि मग तिला खऱ्या हिशेबाने साडेनऊ इंच अरुंद अशा परक्या रुळांवर उभी करतो. गंमत अशी की, प्रमाण एकास एकशे एक पूर्णांक सहा दशांश धरले तर तेच साडेसोळा मिलिमीटर आपल्या रुंद मार्गास तंतोतंत लागू पडतात. पण मग बाजारातील घरे, माणसे, झाडे सगळी त्या गाडीपुढे राक्षसासारखी दिसतात. एक असत्य घालवावे तर दुसरे दारात उभे. मीटर गेज सत्त्याऐंशीने भागला तर साडेअकरा मिलिमीटर येतो, आणि स्वित्झर्लंडमधील तशाच मार्गांच्या प्रतिकृतींसाठी बारा मिलिमीटरांचे रूळ मिळतात. उणीव अर्ध्या मिलिमीटराची. १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाईट रेल्वेचा अडीच फुटी मार्ग नऊ मिलिमीटरांच्या रुळांवर याहूनही नेमका बसतो. म्हणजे जे रस्ते काटकसरीसाठी बांधले गेले तेच प्रतिकृतीत खरे उतरतात, आणि राजमार्गाच्या वाट्यास तडजोड येते! भोरच्या गृहस्थांनी रूळ कापण्यापूर्वी, विषय निवडतानाच, हा प्रश्न सोडविला होता.

तथापि सर्वच असत्ये अशी टाळता येत नाहीत. लांबी सत्त्याऐंशी पटीने कमी केली की वजन त्या संख्येच्या घनाने, म्हणजे साडेसहा लाखांहून अधिक पटीने कमी होते; शंभर टनांचे इंजिन दीडशे ग्रॅमचे व्हावयास हवे. तसे ते केले तर चाके जागीच फिरतील आणि गाडी हलणार नाही. म्हणून बॉयलरच्या पोटात शिसे भरावे लागते. वळणाचेही तेच. रुंद मार्गावरील १७५ मीटर त्रिज्येचे तीव्र वळण प्रमाणात दोन मीटरांचे येते. इतकी जागा भोरच्या माडीवर नाही, आणि पुण्याच्या फ्लॅटात तर नाहीच. आवाज तर मुळीच आटत नाही. बोरघाटात १९२८-२९ च्या सुमारास आलेल्या विजेच्या इंजिनांस रेल्वेचे लोक 'खेकडा' म्हणत, ते त्यांच्या झोकांड्या देत जाण्यावरून आणि उभ्या-उभ्या कण्हण्यावरून. त्या खेकड्याचे रूप कुशल हातास साधेल. ते कण्हणे कोणत्या पत्र्यातून काढावे?

संस्कृत साहित्यशास्त्रात श्रीशंकुकाने रसाची उपपत्ती लावताना चित्रातील घोड्याचा दृष्टान्त दिला आहे. चित्रातील घोडा पाहून 'हा घोडा' असे ज्ञान होते. ते खरे म्हणता येत नाही, खोटे म्हणता येत नाही, संशय नव्हे आणि नुसते साम्यही नव्हे. प्रतिकृतीतील इंजिनास हा दृष्टान्त जसाच्या तसा लागू पडतो असे मला पहिल्या दिवशी वाटले. नरसिंह चिंतामण केळकरांची 'सविकल्प समाधी'ही आठवली: पाहणारा आपली जाणीव न सोडता दुसऱ्या भूमिकेत शिरतो, माडीवर उभा असूनही फलाटावर असतो. दुसऱ्या दिवशी वेल्ह्याच्या बाजूची चार-पाच मुले गाडी पाहण्यास आली, आणि शंकुकावर अभिनवगुप्ताच्या गुरूंनी, भट्ट तौतांनी, घेतलेला आक्षेप मूर्तिमंत समोर उभा राहिला. रामास कोणी पाहिले आहे, की नट त्याचे अनुकरण करतो असे म्हणावे? या मुलांनी वाफेचे इंजिन पाहिलेले नाही, मीटर गेज पाहिलेला नाही. त्यांच्यापुढे मूळ नाहीच. जे आहे ते हेच. तरीही त्यांचा आनंद माझ्याहून कमी नव्हता, आणि त्यातील एका मुलीने ती नवी फळी माझ्याआधी शोधून काढली.

ही मुले स्वतः प्रतिकृतिकार आहेत हे विसरता कामा नये. दिवाळीत अंगणोअंगणी ती मातीचे किल्ले रचतात, आणि वेल्ह्यास तर मान वर केली की समोर खरा तोरणा असतो. मूळ एवढे जवळ असूनही त्यांचा मावळा बुरुजाएवढा उंच असतो आणि सिंहासनावरचे महाराज दरवाजातून आत जाऊ शकणार नाहीत एवढे मोठे असतात. माप चुकले असे त्यांस कोणी म्हणत नाही. तेथे आकार ठरतो तो योग्यतेवरून. रुळांच्या प्रतिकृतिकाराने ही मोकळीक आपणहून सोडून दिलेली असते. त्याने एकदा प्रमाणाची शपथ घेतली की पुढचा प्रत्येक अपवाद त्याच्या नावावर मांडला जातो: शिसे भरले ते जडाच्या नियमापुढे हरून, वळण आवळले ते जागेअभावी. म्हणून त्याच्या कामाची परीक्षा करताना, ज्या अपवादास यापैकी कोणतेच कारण नाही तो मी शोधतो. त्या एका ठिकाणी तो माणूस दिसतो.

मुलांपैकी एकाने विचारले, "आजोबा, ह्यात भोरचं ठेसन कुठाय?"

"भोरला गाडी आली नाही रे कधी," ते म्हणाले. "आली असती तर केलं असतं."

मुले हिरमुसली, आणि खरे सांगावयाचे तर मीही. मी वाद घातला. घडले ते इतिहासकाराने सांगावे, घडू शकले असते ते कवीने, हे ग्रीकांपासून चालत आलेले वचन मी त्यांस ऐकविले. आपल्या गावी स्टेशन असते तर कसे असते, हे दाखविण्याचा तुमचा अधिकार नीरेच्या पाण्याच्या नळाइतकाच खरा आहे, असेही म्हटले. फळीच्या टोकास जागा होती. एक पिवळी पाटी, तीवर काळ्या अक्षरांत 'भोर', एवढ्याने काम भागले असते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले व चहा मागविला. कल्पित स्टेशन करावयाचे तर त्यातील पायरी कोणाच्या बुटाने झिजवावयाची, हा त्यांचा प्रश्न होता. मला त्याचे उत्तर देता आले नाही.

निघताना पुन्हा एकदा फळीवरून नजर फिरविली, तेव्हा स्टेशनबाहेरच्या आवारात निंबाखाली उभी असलेली एस. टी.ची लाल बस दिसली. टपावर सामान बांधलेले, दार उघडे, कपाळावर पाटी 'भोर'. गाडीतून उतरणारांची ती वाट पाहत होती. पण तिचा आकार डोळ्यांस खटकला. मी व्हर्नियर मागून घेतला आणि चाकावरून हिशेब केला. बस प्रमाणाहून सुमारे दहावा भाग मोठी भरली. ज्यांनी केसभर चुकीपायी सात पत्रे फेकले त्यांच्या हातची ही चूक, म्हणून मी ती त्यांच्या नजरेस आणली. त्यांनी स्वतः मोजून पाहिले, माझा हिशेब बरोबर असल्याचे मान्य केले, आणि बस होती तेथेच ठेवली.